शेवटच्या ओळीतलं नाव

मोकाशी साहेब गेल्याची बातमी आली तवा मी बेल्ह्याच्या बाजारात एका बैलाच्या तोंडात हात घालून उभा व्हतो. बैल सहा दाती का आठ दाती, ते बघत व्हतो. मला त्यातलं कायबी कळत न्हाई. पण बाजारात तोंडात हात घालून मान हालवली की लोक जाणकार समजत्यात, ही माझी जुनी खोड. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. पुतणी शारदा. "तात्या, पुण्याचे मोकाशी साहेब वारले. त्यांच्या मुलीचा फोन आलता." मी हात बाहेर काढायचं इसरलो, ते बैलानं दाढंखाली धरल्यावर ध्यानात आलं. व्यापारी म्हणला, "पावणं, रडताय व्हय? एवढं न्हाई लागलं." मी म्हणलं, "लागलंय राव, पण बैलाचं न्हाई."

आता पेपरवाले म्हणाले, साहेबांवर चार शब्द लिहून द्या. मला लिहाय-वाचाय येत न्हाई. साळंत दोन दिवस गेलो, तिसऱ्या दिवशी मास्तर घरी येऊन पाया पडला म्हणून सोडली. तवा मी बोलतोय आन शारदा लिहितीय. ती माझ्या थोरल्या भावाची, किसनदादाची लेक, साळंत मास्तरीण. तिला सांगून ठेवलंय, काय बी आईकलं तरी पेन थांबवायचं न्हाई.

साहेब पुण्याच्या एका पेपरात गाण्याबजावण्यावर लिहायचे. मोठमोठ्या गवयांच्या मुलाखती घेऊन झाल्या आन नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला त्यांला आमच्यासारख्या मातीतल्यांचा नाद लागला. जुन्नर-आंबेगावात एक गोंधळी, एक शाहीर सोडला न्हाई त्यांनी. यस्टीनं यायचे, पिशवीत टेपरेकॉर्डर. मशीन मांडीवर घ्यायची, दोन बटणं एकदम दाबायची, आन गाणाऱ्याच्या आधी सवताच मशीनला सांगायचं... गाव अमुक, गाणं रचणार तमुक. मंग मशीन गाणाऱ्याच्या तोंडाशी धरून म्हणायचे, "बोला." त्या एका शब्दात अशी काय माया व्हती, की मुका बोलला आसता. मी तर मुका कधीच नव्हतो, तीच तर अडचण.

महाळुंगे पडवळला आमची भारुडाची पार्टी. दादा पेटीवर आन मी सोंगाड्या. दादाची बायको चिमावैनी, तिचं लुगडं नेसून मी बाई व्हायचो. लुगडं वैनीचं, बांगड्या वैनीच्या, आन त्या टायमाला लई गाजत व्हतं ते गाणंबी वैनीचंच. वैनी पश्चिमंकडच्या डोंगरातली. तिचं माहेर धरणाखाली गेलं. बटाटं येचता येचता तिनं गाणं बांधलं,

पायाखालची वाट माझी पाण्याखाली गेली गं
माहेराच्या उंबऱ्याला मासोळी आली गं

आता गाणं म्हणलं की शेवटी नाव पायजे, करणाऱ्याचं. दादा म्हणला, "बाईचं नाव फडावर? लोक शेण घालतील तोंडात. जो सोंग काढतो त्याचं घाला." वैनी म्हणली, "घाला तिकडं कुणाचंबी." तसं शेवटाला "धोंडू म्हणे" आलं. मी धोंडू. मला तवा लई भारी वाटलं, खोटं कशाला बोलू.

साहेब पहिल्यांदा घरी आले, गाणं आईकलं, चष्मा काढून पुसला. म्हणाले, "धोंडू म्हणजे तुम्हीच?" नाव माझंच व्हतं. म्हणलं, "मीच की." ते म्हणाले, "पुरुषासारखा पुरुष, माहेराचं दुःख तुम्हाला इतकं कसं उमगलं हो?" तिथं खरं बोलायची जागा व्हती बघा, चांगली गाडीभर रुंद. पण साहेब माझ्याकडं अशा नजरंनं बघत व्हते, तसं माझ्याकडं कुणी बघितलंच नव्हतं... माझा बापसुदीक न्हाई. मी म्हणलं, "साहेब, लुगडं नेसलं की आपोआप उमगतं." साहेबांनी ते वहीत उतरवून घेतलं.

पुढच्या रविवारी पेपरात माझा फोटो. लुगड्यात! खाली लिहिलेलं, अक्षर न शिकलेला कवी. त्यातलं अर्धं खरं व्हतं. मंग पुण्याला बोलावणं, शाल, नारळ. गावात मला "कवी" म्हणाय लागले. केस कापणाराबी इचारायचा, "कवी, मिश्या ठेवायच्या का?" आन दर साली सुगी झाली की साहेब दारात, "धोंडिबा, नवीन काय केलंत?" मी आत जाऊन वैनीम्होरं हात जोडायचो. दोन-तीन सालं वैनीनं दिली गाणी. मंग दादा वारला. त्या साली वैनी म्हणली, "भावजी, आता माझ्याकडं काय न्हाई. सांगा साहेबांला, कवीला सर्दी झालीय."

त्या साली साहेब आले तसा मी पळून कांदं साठवायच्या बराखीत शिरलो. अंगावर पोती वढली. वाटलं, चहा पितील आन जातील. तर साहेब नेमके बराखीला पाठ लावून बाजंवर बसले, मशीन काढली आन वैनीला म्हणाले, "ते येईपर्यंत तुम्हीच बोला. दिराबद्दल सांगा. लहानपणी कसे होते?" आत माझ्या डोळ्यांना कांदा, नाकात टरफलं, शिंक मुठीत दाबलेली. एक मन म्हणायचं, सांग वैनी, सांगून टाक, सोडव मला. दुसरं म्हणायचं, सांगू नको गं माय.

वैनी म्हणली, "ल्हानपणापासून लबाड."

साहेब हसले. "कवी लबाडच असतात. आणि तुम्ही? तुम्ही नाही काही रचत?"

मी पोतं आणखी तोंडावर वढलं.

"आमी बाया काय रचणार? भाकरीवर भाकरी रचतो," वैनी म्हणली.

साहेब परत हसले. मला तवा शिंक आली, पण कुणी आत बघितलं न्हाई. त्यांला वाटलं शेळी. बराखीचं दार बाहेरून लावायलाच लागलं न्हाई, मी आपला आपण कोंडलेला.

वैनीला नंतर इचारलं, का न्हाई सांगितलंस? तर म्हणली, "तुमी आत हाय ते मला ठावं व्हतं. म्हणलं बघू, येतो का भायेर."

लई सालांनी साहेब आजारी पडले तवा मी पुण्याला गेलो. ठरवून गेलो, की सांगायचंच. यस्टीत पाठ केलं, "साहेब, ते गाणं माझं न्हाई." साहेब पलंगावर, निम्मे झालेले. माझा हात धरून म्हणाले, "धोंडिबा, आयुष्यभर शिकलेल्यांची गाणी ऐकली. तुमचं एक गाणं मिळालं आणि वाटलं, एवढी पायपीट वाया गेली नाही." त्यांच्या लेकीनं पोहे आणले. मी पोहे खाल्ले. दुसऱ्यांदा वाढले, तेबी खाल्ले. आन आलो माघारी. निघताना साहेब म्हणाले, "बोला, काही बोलायचं होतं का?" मी म्हणलं, "पोहे झ्याक झालेत."

गेल्या आठवड्यात त्यांच्या लेकीनं ती मशीन आन आमची पहिली कॅसेट पाठवून दिली. वडलांनीच सांगून ठेवलं व्हतं म्हणं. दुपारची वेळ, वैनी वसरीवर लसूण सोलत व्हती, शारदा वह्या तपाशीत व्हती. कॅसेट लावली. खरखर... मंग साहेब. "गाव महाळुंगे पडवळ. गाणं रचणार, धोंडिबा. बोला." मंग माझा घोगरा आवाज. तिसऱ्या कडव्याला मी अडलो. आन तिथं, मागून, दाराआडून एक तरणा आवाज आला, माझी चुकलेली ओळ सांगणारा. शारदानं मान वर केली. "आई, तू?" तेवढ्यात मशीनमधून साहेब म्हणाले, "बाई, जरा शांत राहा. रेकॉर्डिंग चालू आहे."

आन काय सांगू... वसरीवरली म्हातारी वैनी खरंच गप झाली. हातातला लसूण तसाच.

साहेबांचा दोष न्हाई, मी त्यांला सांगितलंच नव्हतं कुणाला बोलतं करायचं ते. शारदाला तवा सगळं सांगितलं. ती म्हणली, "तात्या, हे गाणं मी पोरांना तुमच्या नावानं शिकवते." आता लिहितानाबी तिचं पेन थांबलंय. लिही बाई.

मंग मी मशीन मांडीवर घेतली. दोन बटणं दाबली. म्हणलं, "गाव महाळुंगे पडवळ. गाणं रचणार, चिमाबाई." आन मशीन वैनीच्या तोंडाशी धरली. "बोला."

वैनी म्हणली, "आता साहेब न्हाईत, आईकायचं कुणी?" पण म्हणली. दम लागत व्हता, थांबत थांबत म्हणली, मासोळीपाशी डोळं मिटलं. आन शेवटाला आली, तर तोंडातून काय यावं? "धोंडू म्हणे..." जीभ चावली. म्हणली, "परत घेते." परत तेच. तिसऱ्यांदा "चिमा" म्हणायला गेली आन हसाय लागली, हसता हसता पदर डोळ्याला. "ऱ्हाऊ द्या भावजी. गोंदणावानी झालंय ते. कातडं सोलल्याबिगर न्हाई निघायचं."

मशीन आता वसरीवरच्या फळीवर आसती. साहेब आसते तर म्हणले आसते, पुन्हा एकदा घेऊ. म्हणून रोज दुपारी मी ती खाली काढतो, दोन बटणं दाबतो, गाव सांगतो, वैनीचं नाव सांगतो, बोला म्हणतो, आन जल्मात पहिल्यांदा गप बसतो. कालपतोर तरी माझंच नाव येतंय.