पहिल्या पानावर न थांबणारी रेणुकाकाकू

आमच्या गावातलं हंगामी वसतिगृह सरकारनं बंद केलं नव्हतं, मी केलं. तेही सकाळी दात घासता घासता.

जिंतूरला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्यामुळं गावात मला निम्मं सरकार समजतात, आणि ही समजूत मी कधी खोडून काढली नाही. त्या दिवशी मोबाईलवर एक नवा शासन निर्णय आला. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची पोरं गावातच राहून शाळा शिकतात, त्या वसतिगृहांविषयीचा. पहिल्याच पानावर ओळ होती, ‘सदर योजना बंद करण्याची बाब शासनाच्या विचाराधीन होती.’ मी त्या पानाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘यंदा वसतिगृह बंद. पालकांनी नोंद घ्यावी.’ पालकांनी नोंद घेतली. अंगठे आले, जोडलेले हात आले, एकानं तर ‘अभिनंदन’ टाकलं. मी गाडीला किक मारून जिंतूरला निघून गेलो.

दुकानाचं शटर वर करतोय, तोवर रेणुकाकाकूचा फोन.

“आदिनाथ, दुसरं पान कुठाय?”

“कशाचं?”

“तू टाकलेल्या कागदाचं. का सरकार यंदापासून एकाच पानाचे निर्णय काढायलंय?”

“काकू, पहिल्या पानावर स्पष्ट लिहिलंय की...”

“ती प्रस्तावना हाय, बाबा. तुझी आजी पाव्हण्याच्या घरी गेली की आधी म्हशीची चौकशी करती, मग सुनांची, मग पावसापाण्याची. कामाचं बोलती ते उठताना. सरकारचं तसंच असतंय. बंद करायचं मनात होतं, हे पयल्या पानावर. शेवटी ठरलं काय, ते दुसऱ्यावर. उघड अन् वाच.”

उघडलं. योजना चालू राहणार होती. फक्त यंदापासून शाळा व्यवस्थापन समितीनं मुलांच्या नावांसह प्रस्ताव पाठवायचा होता.

“वाचलंस? आता गावाला वाचून दाखव. अन् मुंजाजीला आधी सांग. त्यांची टोळी आजच निघायली.”

रेणुकाकाकू म्हणजे आमच्या गावची गिरणीवाली. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्षही तीच, पण तिला अध्यक्ष कुणी म्हणत नाही आणि त्यावाचून तिचं काही अडतही नाही. मुंबईत नाहीतर नागपुरात अधिवेशन सुरू झालं की त्याची वर्दी आमच्या गिरणीत पोचते. शाळेबद्दल, पोराबाळांबद्दल काही आलं असेल तर काकू गिरणी थांबवते. घरघर बंद पडली की ओट्यावर डबे घेऊन बसलेल्या बायका ओळखतात, आता पीठ नाही, कायदा मिळणार.

“रेणुका, चुलीवर तवा ठिवून आलेय गं.”

“मग उतरवून ये. तुझ्याच नातवाच्या अंगणवाडीचं चाललंय.”

विधेयक नुसतं मांडलंय की मंजूर झालंय, मसुदा आहे की आदेश, हे ती आधी सांगते. मसुदा असेल तर मुदतीत हरकत घेता येते, आणि हरकत घ्यायला आमच्या बायकांना कुठला कोर्स लागत नाही. शाळा एकत्र करण्याचा एक मसुदा आला होता, तेव्हा हरकतींचं पाकीट गिरणीतूनच गेलं. परभणीच्या ऑफिसातल्या बाबूनं म्हणे ते आधी झटकलं, पीठ खाली पाडलं, मग वाचलं.

हे वेड तिला उगीच लागलेलं नाही. ती पाथरीकडची, ऊसतोड्याची लेक. दिवाळी सरली की तिचं नाव शाळेच्या पटावर आणि ती फडात, असं तिचं शिक्षण. दहावी झाली ती लग्नानंतर, गिरणीच्या गल्ल्याशी पुस्तक टेकवून. पुढं एका साली आमच्या गावाला वसतिगृह मंजूर झालं होतं, पण आदेश निघालाय हे कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा पोरं केव्हाच फडावर पोचली होती. “आपल्या लेकरासाठी कागुद निघतो अन् आपल्यालाच खबर न्हाई,” असं म्हणून ती त्या दिवशी जेवली नाही, हे माणिकरावकाका सांगतात. काका म्हणजे तिचे यजमान. तेव्हापासून घरात मालिका लागत नाहीत, विधानसभा लागते, हेही ते सांगतात, आणि सांगताना असा चेहरा करतात की सहानुभूती नक्की कुणाला द्यावी ते कळत नाही.

नुसतं कौतुक नको, एक तक्रारही नोंदवतो. अधिवेशनाच्या दिवसांत तिच्या गिरणीचं पीठ जाडं येतं. भाकरी थापताना चिरते, आणि गावातल्या सासवा सुनांना सोडून सरकारला बोलतात.

असो. ग्रुपवर मी दुसरं पान टाकलं, माफीही टाकली. पण मुंजाजीचा फोन बंद. मुंजाजी आणि कस्तुराबाईची निकिता आठवीत आहे आणि त्यांच्यामागं घरात दुसरं कुणी नाही. वसतिगृह नसेल तर पोरीला फडावर नेणार. आणि आठवीतली पोरगी एकदा फडावर गेली की पुढच्या साली तिच्या लग्नाचं निघतं, हे आमच्याकडं कुठल्या पानावर लिहावं लागत नाही.

दुकान बंद करून गावात आलो तर ट्रक निघून गेलेला. काकू गिरणीच्या दारात पदर खोचून उभी.

“बघत काय बसलास? फिरव गाडी.”

झरीच्या फाट्यावर ट्रक सापडला. मुकादम आणखी एका जोडप्यासाठी थांबला होता. ट्रकवर सगळ्यांचे संसार रचलेले, चुली, पत्रे, एका पाटीखाली कोंबड्या. वर एका बोचक्यावर निकिता, मांडीवर दप्तर घेऊन. फडावर दप्तर कशाला, हे तिला कुणी विचारलं नसावं.

मुंजाजी खाली उतरला. “वयनी, तुमी कामून आलाव? गुरुपवर आलंय की, बंद हाय म्हून.”

“लिवणारं शहाणं हे काय उभाय. विचारा त्याला.”

“मुंजाजीकाका,” मी म्हटलं, “मी अर्धंच वाचलं होतं.”

“जिंतूरला शिकून?”

काकूनं तिथंच दुसरं पान मोठ्यानं वाचलं. चालू गिरणीत बोलायची सवय असल्यानं समोरच्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांनाही योजना समजली. मुंजाजीनं वर बघितलं. कस्तुराबाई ट्रकवरून उतरली नव्हती.

“कागुद झाला,” ती वरूनच म्हणाली. “ताटात कवा पडंल?”

काकूनं ‘उद्या’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती म्हणाली, “प्रस्ताव जाईल, मंजुरी यील, मग. दिवस जातील. तवर निकिता माझ्या घरी खाईल, माझ्याच घरी झोपंल.”

“अन् मंजुरी न्हाईच आली तर?”

“तर मी सोता तिला फडावर आणून सोडते. अन् तुमच्या बरुबर कोयता धरते. इसरले न्हाई मी.”

कस्तुराबाईला हसू आलं. “अन् तुझी मोळी कोण उचलंल? पिठाच्या डब्यांनी कंबर गेली तुझी.”

मुकादमानं हॉर्न वाजवला. कस्तुराबाईनं निकिताच्या पाठीवर थाप मारली. “उतर गं. अन् काकूच्या घरी बसून खाऊ नको, हाताखाली कर.”

निकितानं आधी दप्तर खाली टाकलं, मग स्वतः उडी मारली. ट्रक हलला. तो परभणीच्या वाटेला दिसेनासा झाल्यावर तिला आठवलं, तिची वाकळ वरच राहिली. आईच्या जुन्या लुगड्यांची, आईनंच शिवलेली. पोरगी तोवर रडली नव्हती.

“रडू नको,” मी घाईघाईनं म्हटलं. “येत्या रविवारी कारखान्यावर जाऊन मी घेऊन येतो.”

काकू दप्तर उचलून गाडीकडं चालायला लागली. तिला बोललेलं मोजायची सवय नाही, झालेलं मोजायची आहे.

प्रस्ताव गेला. तो कुठल्या टेबलावर झोपलाय हे बघायला काकू परभणीला खेटे घालत राहिली. ती दिसली की तिथले लोक आता खुर्ची पुढं करतात आणि फाईलही. थंडी पडायला लागली तेव्हा वसतिगृहाची चूल पेटली. निकिता तिथंच राहते, गणितात माझ्याहून पुढं गेली आहे, आणि हे ती मला सांगतेही.

वाकळ अजून कारखान्यावर आहे. कस्तुराबाई फोनवर म्हणते, जपून ठेवलीय. रविवारी माझ्या दुकानात गर्दी असते, हे कारण मी स्वतःला बऱ्याचदा देऊन बघितलं. निकिता वाकळीचं नावही काढत नाही. फक्त रस्त्यात भेटली की विचारते, “दादा, कारखाना लय लांब हाय का वो?”