दुसरा शंख

दत्ताने शेवटचं विचारलं ते शंखाबद्दल. मालवणच्या घरात तो खाटेवर पडून होता, ताप उतरत नव्हता. मी एक गोष्ट कबूल करायला गेलो होतो. तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "वशा, दुसरो गावलो काय रे?"

"बघतंय," मी म्हणालो... दोन दिवसांनी तो गेला. त्याला आता महिना झाला.

सोंगं आणण्यात गावात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. दत्ता हायस्कुलात शास्त्र शिकवायचा आणि वर्गामागच्या खोलीत शंख, शिंपले, बाटलीतले मासे, सापांच्या काती जमवायचा. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी: नाव, स्थळ, आणणारा आणि शेवटी 'शंका'. ही ओळ तो कोरी सोडत नसे. स्वतः वेचलेल्या कुर्लीच्या कवचाखालीही 'लाटेने दुसरीकडून आणले असेल' असं लिहायचा. मला फार हसू यायचं. म्हणून बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने मोंबासाहून आणलेला शंख मी ओल्या वाळूत घोळवला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"खंय गावलो?"

"तोंडवलीच्या पुळणीत. कालच्या उधाणान टाकलो असतलो."

त्याने पुस्तकं चाळली. "वशा, ह्यो आफ्रिकेकडचो. थयसून गलबत इला आणि हय फुटला रे." शंख दोन्ही हातांत धरून तो उजेडाकडे फिरवत राहिला. घरी येऊन मी पोट धरून हसलो. संध्याकाळी खरं सांगणार होतो. पण संध्याकाळी त्याने कविता वाचून दाखवली, त्या गलबतावरच्या खलाशांची आणि तिकडे वाट बघत राहिलेल्या त्यांच्या बायकांची. इतकी चांगली कविता त्याने पुन्हा लिहिली नाही. मी गप्प बसलो...

मग तो गलबताच्या इतिहासामागे लागला. जुने कागद, म्हाताऱ्या तांडेलांच्या आठवणी, वह्याच्या वह्या भरल्या. पण एका शंखावर इतिहास उभा करायचा नाही, दुसरा मिळाल्याशिवाय छापायचा नाही, हा त्याचा हट्ट. दर रविवारी तोंडवली. अकरा वर्षं. पुष्कळदा मीही गेलो, वाकून वाकून वाळू उकरली, त्याच्याहून जास्त मन लावून. हाडाचा नट ना मी. या आषाढात तो तिथून भिजून आला आणि अंथरुणाला लागला.

परवा शाळेने खोली आवरायला बोलावलं. शंख उचलला आणि त्याखालची चिठ्ठी पहिल्यांदाच वाचली. स्थळ: तोंडवली. शंका: नाही, आणणारा माझा वशा.

खोलीतल्या सगळ्या चिठ्ठ्यांत 'नाही' तेवढं एकच. पेन काढून मी तोंडवली खोडलं, मोंबासा लिहिलं. खालच्या ओळीला मात्र हात लावता आला नाही.