वीराची वाटी

सोहमचं तोंड हलत हुतं. चौथी फेरी चालली हुती, हलगी कडाडत हुती, राखंत कालच्या होळीचा इस्तू अजून लाल हुता, नि माझा चार वर्साचा सोहम, डोक्याला फेटा, कपाळाला मळवट, हातात खोबऱ्याची वाटी धरून वीर झालेला... काहीतरी चावत हुता. मी वाटीकडं बघितलं. एका अंगाची कड कुरतडलेली, नि आत टाक न्हाई.

तुमच्याकडं वीर काढत्यात का न्हाई, म्हाईत न्हाई. आमच्याकडं धुळवडीला दिस कलला की काढत्यात. घरातलं कुनी लग्नाच्या आधीच, अवेळी गेलं, की त्याचा चांदीचा टाक करायचा, बोटाच्या पेराएवढा, घोड्यावरचा मानूस असलेला. वर्सभर तो देव्हाऱ्यात बसतो. त्या दिशी त्याला खोबऱ्याच्या वाटीत ठेवून घरच्या पोराच्या हातात द्यायचं, नि पोरानं होळीभवती पाच फेऱ्या नाचायचं. गेलेला मानूस तेवढ्यापुरता पोराच्या अंगात येतो, नाचतो, नि पाचवी फेरी झाली की गुमान माघारी जातो.

माझं माहेर प्रवरेच्या काठाला. शिमगा आला की सगळ्या गावाला जळक्या गवऱ्यांचा वास, चुलीवर पुरनाचा गूळ करपल्याला, नि वाऱ्यावर गव्हाच्या भुश्श्याची बारीक धूळ, नाकात जाऊन बसायची... अजून फाल्गुन लागला की मला तोच वास येतो. आमच्या घरचा वीर म्हंजी माझा चुलता. अठरा वर्साचा हुता, हिरीत पडून गेला. मी त्याला बघितलं न्हाई, टाकातलाच वळखीचा.

मी नऊ वर्साची हुते. माझा भाऊ पिंट्या सहाचा, त्या साली वीर त्योच. सकाळधरनं वाटी देव्हाऱ्याम्होरं ठेवलेली, वर लाल फडकं. नि खोबऱ्याचा वास असा यायचा की जीव ऱ्हाईना... मी कड कुरतडली. जराशी. मग अजून जराशी. नि ती बाजू भिताडाकडं फिरवून ठेवली.

शेवटच्या फेरीत टाक त्याच कडंवरनं घसरला नि इस्तवात पडला. मी बघितलं. दुसऱ्या कुनी न्हाई. पिंट्या रिकामी वाटी घेऊन नाचत ऱ्हायला, हसत हसत, नि मी दातात अडकलेलं खोबरं जिभंनं काढत गप हुबी. दुसऱ्या दिशी दादांनी, माझ्या वडलांनी, राख चाळून टाक काढला, काळा ठिक्कर पडलेला. त्याच साली, दीड म्हैन्यानं, आखितीच्या सणाला पिंट्या त्याच हिरीत गेला. बाया म्हनल्या, वीर माघारी गेलाच न्हाई, पोराला संगं घेऊन गेला. वाटीचं मी कुनालाच सांगितलं न्हाई. आईला न्हाई, नवऱ्याला न्हाई. आज तुमालाच सांगते.

तर सोहमचं तोंड हलत हुतं, नि माझी जाऊ माझ्या कमरंत कोपर मारून म्हनत हुती, "काय गं, वीराची आई झालीस नि मढ्यावानी काय हुबी? नाच की!"

मी वरडले. रिंगनात घुसले, पोराला उचललं, तोंडात बोट घातलं. हलगी थांबली. नुसतं खोबरं निघालं, लाळंनं भिजलेलं. टाक गिळला का, म्हनून मी त्याला उलटा करून पाठीत थापट्या मारते, तर त्यानं रडत रडत डाव्या हाताची मूठ उघडली. टाक मुठीत.

"आये, बाबा पडत हुता," म्हनला; टाकातल्या वीराला तो बाबाच म्हनतो. "मी धरला."

लोक हसले. "वीरच हाय गड्या, नाचतो बी, खातो बी!" कुनीतरी बोललं. फकस्त आत्याबाई, माझी सासू, हसल्या न्हाईत. "चार झाल्या," त्या हळूच म्हनल्या. "पाचवी मोडलीस बाई तू."

"मग परत नाचवू की त्याला," हे म्हनले.

"मोडलेली फेरी सांधत नसती रं बाबा."

आता चैत लागलाय. ह्या घराच्या मागं बी हीर हाय. मी भांडी घासाया बसले की जुन्या लुगड्याचं एक टोक सोहमच्या कमरंला नि एक माझ्या मनगटाला बांधते. जाऊ हसते. टाक देव्हाऱ्यात हाय, लखलखीत, नि कुरतडलेली वाटी मी तांदळाच्या डब्यात खाली पुरून ठेवलीय... फेकाया धीर हुईना. सोहम दुपारचा झोपेत कधी कधी पाय हलवतो, हलगीच्या ठेक्यावर हलवावा तसा. मी पाय धरून बसते.

त्या येळी गप बसले, तर भाऊ गेला. ह्या येळी वरडले, तर फेरी मोडली. तुमी माझ्या जागी असता, पोराच्या तोंडात घास, म्होरं एकच फेरी ऱ्हायलेली... तुमी काय केलं असतं?