यंत्राची एक मात्रा

पन्नाशीत माणसाला काहीतरी होतं. मला विज्ञानकथा झाली. बेंगळुरूतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी इस्पितळात रुग्णसेवा करणाऱ्या एका यंत्राची गोष्ट लिहिली. आपल्याला विचारल्याशिवाय कुणी बंद करू नये, म्हणून ते कोर्टात जातं आणि जिंकतं. गोष्टभर 'ते म्हणालं' असं लिहून, निकालानंतरच्या शेवटच्या वाक्यात मी लिहिलं होतं, 'ते म्हणाले, उद्या माझी सुट्टी.' सगळी गोष्ट त्या एका मात्रेसाठी होती.

"घरातल्या बोलक्या डब्यावर 'ए बहिऱ्या' म्हणून खेकसतोस आणि कागदावर अहोजाहो," बायको म्हणाली. खरं होतं, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं.

संपादक अण्णा कैक पिढ्यांपासून इथले. बोलण्यात कानडी मुरलेली, पण शुद्धलेखनात कुणाची गय नाही. छपाईच्या सकाळी त्यांनी शेवटचं प्रूफ फोनवर पाठवलं. त्यात 'म्हणालं'. इलेक्ट्रॉनिक सिटीहून दोन बस बदलून मी इथल्या शिवाजीनगरचा छापखाना गाठला.

"अण्णा, माझं 'म्हणाले' कुठे गेलं?"

"चूक होती, सुधारली. पानभर एकवचन आणि शेवटी अनेकवचन?"

"ते आदरार्थी आहे. कोर्टात जिंकलंय ते."

"यंत्राला आदरार्थी? अरे, माझा जावई मला 'अण्णा, तू' म्हणतो."

"मग जावयाची गोष्ट तुम्ही लिहा."

"सरी, सरी, बरं बाबा. स्वल्प अ‍ॅडजस्ट कर, थोडं चालवून घे. छपाई सुरू झाली. एका मात्रेनं काय बिघडतं?"

काय बिघडतं? कोर्टानं दिलेला निकाल या माणसानं लाल पेनानं फिरवला होता, तोही व्याकरणाच्या नावाखाली. आपण मराठी माणसं कुणाला माणसात धरतो, ते क्रियापदाच्या शेपटीवर कळतं. आणि तीच शेपटी कापून वर विचारतात, काय बिघडतं. हे सगळं मी अण्णांना ऐकवायला हवं होतं. प्रत्यक्षात "बरं" म्हणालो आणि त्यांनी मागवलेली कॉफीही प्यालो. बसमध्ये मात्र फार जोरदार बोललो, मनात.

प्रकाशनाला मंडळाच्या एक ज्येष्ठ बाई अंक घेऊन मुद्दाम माझ्याकडे आल्या. "गोष्ट छान हो. मला काय आवडलं सांगू? एवढं जिंकलं, पण यंत्र शेवटपर्यंत आपल्या पायरीनं राहिलं. डोक्यावर नाही बसलं."

मी त्यांच्या हातातून अंक घेतला, खिशातलं पेन काढलं, शेवटच्या 'लं'वरचा अनुस्वार खोडला आणि मात्रा दिली. चांगली ठसठशीत.

"अहो," त्या म्हणाल्या, "नवा होता अंक."