अण्णांचा उजवा पाय

झिजलेले ब्रेक शू गॅरेजच्या कोपऱ्यात साठतात आणि किस्से डोक्यात. शू भंगारवाला घेऊन जातो. किस्से न्यायला कोणी येत नाही, मग ते असे कोणाला तरी सांगावे लागतात. मैसूरच्या आमच्या गॅरेजचे बहुतेक किस्से रामोजीअण्णांचे, आणि अण्णांचे बहुतेक किस्से त्यांच्या उजव्या पायाचे! तो पाय आता त्यांना काही सांगेनासा झालाय. त्यामुळे हसवायला म्हणून सुरू करतो खरा, पण मध्येच अडखळतो. सांभाळून घ्या.

अण्णा माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांचे पूर्वज राजाच्या फौजेत होते, आमचे कापड रंगवायचे. माझं काही चुकलं की अण्णा ओरडायचे, "रंगाऱ्याचं पोर! सुम्ने वरवर रंग लावून सोडतंय!" त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं: सुम्ने म्हणजे उगाच, अष्टे म्हणजे एवढंच, कणो म्हणजे अरे.

* * *

अण्णांची तपासणी बघायला लोक चहा घेऊन उभे राहत. उजव्या पायातली चप्पल काढायची, तळवा फडक्यानं पुसायचा आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवायचा. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबायचं. पेडल कडक झालं की तसंच दाबून धरायचं आणि गाडी सुरू करायची. इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा बूस्टर ठीक असेल तर पेडल जरासं खाली बसतं. नाही बसलं तर व्हॅक्यूम पोचत नाही. पेडल स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा. हळूहळू खाली जात राहिलं तर मास्टर सिलिंडर. हे सगळं त्यांना तळव्यानं कळायचं.

एकदा एक सॉफ्टवेअरवाला आला. पेडल दगडासारखं झालं होतं. त्यानं फोनवर सगळं वाचून नवा बूस्टर मागवला होता, खोका काखेत! अण्णांनी पाय ठेवला, कान दिला, बॉनेट उघडलं आणि बोट दाखवलं.

"नळी निसटलीय, साहेब. क्लिप घट्ट केली की झालं. अष्टे!"

"मग या बूस्टरचं काय करू?"

"शोकेसमध्ये ठेवा. पाहुण्यांना दाखवा!"

* * *

दुसरे एक गृहस्थ नंजनगूडहून देवदर्शन करून परत येत होते. म्हणाले, "ब्रेक अर्ध्यावर अडकतोय." अण्णांनी पाय ठेवला आणि लगेच काढून घेतला. वाकून पेडलमागून नारळ बाहेर काढला. प्रसादाचा, सीटखालून गडगडत आलेला.

गृहस्थांनी नारळ डोळ्यांना लावला. "देवानंच वाचवलं बघा!"

अण्णा भडकले. "देव डॅशबोर्डवर बसूदे की! पेडलखाली कशाला घालता त्याला?"

* * *

मग एक सकाळ आली. अण्णा कोपऱ्यावर चहा प्यायला गेले आणि परत आले ते एकाच चपलेनं. उजवी चप्पल वाटेतच पडली होती, त्यांना पत्ता नाही.

आम्ही पोट धरून हसलो. मी म्हणालो, "अण्णा, चप्पल चहावाल्याकडे गहाण ठेवली काय?" तेही हसले. पाठी जाऊन घेऊन आले.

त्या हसण्याची आजही लाज वाटते. पायातून चप्पल निसटलेली ज्याला कळत नाही, त्याला आणखी काय काय कळत नसेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही म्हणे फॉल्ट शोधणारे!

* * *

तो फॉल्ट अण्णांच्या बायकोनं, आमच्या वैनींनी शोधला. त्याच संध्याकाळी अण्णांच्या तळव्याला लिंबाएवढा फोड दिसला. गरम सायलेन्सरवर पाय पडला होता, कधी ते त्यांना ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, शुगरनं तळव्याची जाणीव गेलीय, आता परत यायची नाही. गाडी चालवणं बंद.

"मी कुठं चालवतो?" अण्णा म्हणाले. "मी दाबतो, अष्टे!"

वैनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांना घरी बसवू नका, भावजी. घरी बसले की संपतील ते."

* * *

पंधरा दिवसांनी टी. नरसीपूरला निघालेलं एक कुटुंब आलं. आजी, दोन लहान मुलं, डबे, पाण्याच्या बाटल्या. अण्णांनी चप्पल काढली, तळवा पुसला, पेडल दाबलं, गाडी सुरू केली. "बरोबर आहे. निघा."

का कोण जाणे, मी म्हणालो, "थांबा, टायरची हवा बघतो," आणि सीटवर बसून पेडल दाबलं. दगड! गाडी सुरू होती तरी तसूभर हललं नाही. बूस्टरचा व्हॉल्व्ह गेला होता. गाडी मागं घेऊन मी गुपचूप तो बदलला. मुलं खिडकीतून टाटा करून गेली.

त्या दिवसापासून मी माझ्याच गॅरेजमध्ये चोर झालो. अण्णांनी बघितलेली प्रत्येक गाडी काही ना काही निमित्तानं पुन्हा दाबायची. खरं बोलावं तर अण्णा संपणार. एखादी गाडी नजरेतून सुटली तर कोणाचं तरी घर. रात्री झोप लागेना.

* * *

एक रिटायर्ड मॅनेजर आमचे जुने गिऱ्हाईक. "अण्णांचा पाय लागल्याशिवाय गाडी नेणार नाही," म्हणून बसायचे. त्या दिवशी गाडी मी आधीच तपासली होती. अण्णांनी पेडलवर पाय ठेवला. पण बघत होते माझ्याकडे. त्यांची नजर हलेना. मी 'हो' म्हणून मान जराशी खाली केली.

"बूस्टर फस्ट क्लास!" अण्णा म्हणाले.

मॅनेजर खूश होऊन गेले. अण्णांनी चप्पल घातली, ती नीट बसली की नाही हे वाकून बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. तेव्हापासून ते पाय ठेवायचे आणि मी मान हलवायचो.

* * *

परवाच्या आयुधपूजेला वैनीही गॅरेजमध्ये आल्या. त्या दिवशी आमच्याकडे कोणी पान्याला हात लावत नाही, काम म्हणून. सगळी हत्यारं धुऊन मांडायची आणि हळदकुंकू लावायचं. ज्याच्यावर पोट चालतं, त्याची पूजा. मी जॅकला लावलं, पान्यांना लावलं, कॉम्प्रेसरला लावलं. अण्णा खुर्चीवर बसून बघत होते.

"झालं सगळं?"

"एक राहिलंय," म्हणालो आणि त्यांच्यापुढं खाली बसलो.

त्यांना समजलं. डॉक्टरांनी हल्ली दिलेल्या जाड बुटातून त्यांनी उजवा पाय सावकाश बाहेर काढला. हात जोडले, डोळे मिटून घेतले. वैनी तोंडाला पदर लावून मागं उभ्या होत्या. मी अंगठ्याला हळद लावली, कुंकू लावलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं. ते घसरलं, म्हणून पुन्हा ठेवलं. डोकं टेकवलं आणि उठून उभा राहिलो.

अण्णा तसेच हात जोडून बसले होते, डोळे मिटून.

"लाव की कणो," थोड्या वेळानं ते म्हणाले. "किती वेळ बसवतोस?"