स्वयंभू टोकन

मी यादी केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. त्या दिवशी यादीत चार कामं होती, पहिलं नाशिक रोडच्या बँकेत. शेजारी बसलेले आजोबा येवल्याहून एसटीने हयातीचा दाखला द्यायला आले होते. आज दिला नाही तर पेन्शन थांबणार होती. पण त्यांचं लक्ष माझ्या टोकनावर.

"ताई, त्रेपन्न! नशीबवान हाय तुम्ही."

"त्यात काय एवढं?"

"माझा एकोणपन्नास बघा. अडतीस घ्या, त्यात त्याचेच आकडे, तीन आणि आठ, मिळवा, झाला. तुमचा त्रेपन्न असा कुठल्याच आकड्यातून येत नाय. स्वयंभू हाय तो!"

मग पासबुकाच्या पाठीवर बेरजा सुरू झाल्या. प्रत्येक बेरजेआधी पेन्सिल जिभेला लावायची. इतका रिकामटेकडा माणूस मी पाहिला नव्हता.

एकोणपन्नास नंबर दोनदा पुकारला. मी ऐकला आणि गप्प बसले. म्हटलं, घडू दे अद्दल.

माझं काम झालं तेव्हा ते खिडकीशी विनवण्या करत होते. आतल्या बाई म्हणाल्या, "बाबा, तुमचा नंबर गेला. नवीन टोकन घ्या, जेवणानंतर बघू."

नवीन टोकन घेऊन ते हसतच वळले. "ताई, शहाऐंशी! हा पण स्वयंभू!"

मी कपाळावर हात मारला आणि निघाले.

उरलेली तिन्ही कामं उरकून दुपारी रिक्षाने त्याच रस्त्यावरून परतत होते, तर बँकेच्या काचेतून ते बाकावर दिसले. मान खाली, पेन्सिल चालू. मूर्ख माणूस, असं पुटपुटत मी रिक्षा थांबवली, आत गेले आणि शहाऐंशी पुकारेपर्यंत त्यांच्या शेजारी कान देऊन बसून राहिले.