पैलवानाचा श्रावण

पैलवान टेबलावर पुढचे पाय पसरून, छाती खाली टेकवून आणि मागची बाजू वर करून उभा होता. घरच्यांना सकाळी वाटलं, नमस्कार करतोय. ही पोज लोकांना गोड वाटते. आम्हा प्राण्यांच्या डॉक्टरांना ती अजिबात आवडत नाही. पोटात फार दुखत असलं की कुत्रं असं उभं राहतं.

पैलवान वाघोलीचा लॅब्रॅडॉर, नावाला साजेसा. माझ्या येरवड्यातल्या क्लिनिकमध्ये त्याला घेऊन तिघं आले होते: बापू, त्यांच्या पत्नी शांताकाकू आणि आयटीत नोकरी करणारी सून प्राजक्ता. तक्रार एकच. सकाळपासून उलट्या.

"काय खाल्लंय? मटण, हाडं, कचऱ्यातलं काही?" मी विचारलं.

"अहो डॉक्टरबाई, श्रावण हाय!" बापूंना राग आला. "घरात अंड्याचं टरफल बी सापडायचं न्हाई."

एक्स-रेमध्ये काही अडकलेलं दिसलं नाही. रक्त तपासलं तेव्हा उलगडा झाला. पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज. चरबी पचवणारे रस हा अवयव तयार करतो. सूज आली की तेच रस त्यालाच पचवायला निघतात. यात कुत्रं दगावूही शकतं. मी हे आडपडदा न ठेवता सांगितलं.

चरबीचं खाणं हे याचं नेहमीचं निमित्त. पण घर तर शाकाहारी झालेलं. मग मी प्रश्न बदलला. "एरवी काय खातो?"

"चिकन-भात," प्राजक्ता म्हणाली.

"आणि श्रावणात चिकनऐवजी?"

"चीज." आवाजात थोडा अभिमान होता. "नुसता भात तो खातच नव्हता, मॅम. प्रोटीन तर मिळायला हवं ना? मी नेटवर चेक केलं. चीज सेफ आहे."

"पुढे काही लिहिलं होतं?"

"इन मॉडरेशन."

"मग?"

"दोन टायमाला वाटून देतो ना."

यावर बापूंनी हळूच कबूल केलं की टीव्ही बघताना तेही एखादी क्यूब देतात. बिचारा आपल्यामुळे उपाशी, म्हणून.

चीज हे विष नाही. निरोगी कुत्र्याला कधीतरी नखाएवढा तुकडा दिला, गोळी लपवायला वापरला, तर बहुतेकांना काही होत नाही. लसूण-कांद्याचं आणि निळ्या बुरशीचं मात्र मुळीच नको. पण साधं चीजही चरबी आणि मीठ यांनी भरलेलं असतं. जेवण म्हणून दिलं, तेही पैलवानासारख्या लठ्ठ कुत्र्याला, की असं होऊन बसतं.

"माझ्या श्रावणाचं पाप त्येला लागलं का हो?" काकूंनी विचारलं.

"पाप नाही, काकू. फॅट."

पैलवानाला अॅडमिट केलं. सलाइन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, दुखण्यावरचं औषध. पुढे दोन दिवसांत उलट्या थांबल्या, पण तो खाईना. या आजारात उपाशी ठेवणं बरं नसतं, आतडी अशक्त होतात. मऊ भात आणि उकडलेला भोपळा दिला. त्यानं मान फिरवली. मग कमी चरबीच्या औषधी खाण्याचा डबा उघडला. त्यात चिकन होतं. माझ्या असिस्टंटनं भरवून पाहिलं, बापूंनी भरवून पाहिलं. नाही म्हणजे नाही. आज खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं मी सांगितलं. मलाही ते नको होतं. अशक्त जनावराला धरून नळी घालताना मला अजूनही वाईट वाटतं.

काकू दाराजवळ उभ्या होत्या. घरी पैलवानाला रोज त्याच भरवायच्या, हे बापूंनी तेव्हा सांगितलं. बापूंच्या बायपासच्या वेळी काकूंनी श्रावण कडक पाळायचं महादेवाला कबूल केलं होतं. तेव्हापासून महिनाभर चिकनच्या भांड्यालाही हात लावत नाहीत. मी काहीच सुचवलं नाही. तो त्यांचा प्रश्न होता.

काकूंनी पदर खोचला आणि डबा ओढून घेतला.

"अगं, सोमवार हाय आज," बापू म्हणाले.

"त्येला कुठं ठावं हाय?" काकू म्हणाल्या आणि दोन बोटांवर घास घेऊन त्याच्या तोंडापाशी धरला.

पैलवानानं बोटं हुंगली. मग चाटली. मग खाल्लं. काकू रडत होत्या आणि भरवत होत्या. शेवटी मलाच सांगावं लागलं, बास, थोडं थोडं द्यायचंय.

तो वाचला. आता बारा महिने कमी चरबीचं खातो, श्रावणात घरामागच्या शेडमध्ये. काकू स्वतः वाढतात, आंघोळ करतात आणि मग देवापुढे बसतात. महादेवानं अजून तक्रार केलेली नाही.

कुत्र्याला चीज चालतं का, असं अजूनही बरेच जण फोनवर विचारतात. मी आधी उलट विचारते, कशाच्या बदली?